पावडरच्या खात्यात गेलेल्या लेकीस

चिकोडी

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की लॅबमधून तुला एन्झाइमच्या पावडर ब्लेंडिंगला, म्हणजे पावडर मिसळायच्या खात्यात, घातलंय. आईच्या कानावर फक्त पगार वाढल्याचं पडलं. माझा जीव मात्र त्या पावडरीत अडकलाय.

तुझं काम मला कळतं गं. आमच्या साखर कारखान्यातही अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, वापरायचे. हिरव्या वाढ्यासकट ऊस आला की रसात स्टार्च वाढायचा आणि पॅनमध्ये साखरेचा दाणा वाढायला उशीर व्हायचा. मग रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये त्याचा डोस. पण आम्हाला पुढच्या उष्णतेत मरणारंच एन्झाइम हवं असायचं. साखरेत ते जिवंत उरलं, तर त्या साखरेचं कस्टर्ड करणाऱ्याचं कस्टर्ड पातळ होतं. तुमचं नेमकं उलट. मक्याच्या स्टार्चचा लगदा 105 अंशाच्या वाफेतून जातो. साधं प्रथिन तिथं उकडलेल्या अंड्यासारखं गोठेल, पण बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचं अमायलेज तिथंही स्टार्चच्या साखळ्या तोडत राहतं. मग 60 अंशाला ग्लुकोअमायलेज हे दुसरं एन्झाइम, की झालं ग्लुकोज, त्याचं पुढं सिरप करा नाहीतर इथेनॉल. ऊसवाल्याची पोर मक्यातून साखर काढणाऱ्यांना एन्झाइम पुरवते, हे मी गल्लीत भेटेल त्याला सांगतो.

पण ती पावडर, बाळ. 1969 साली इंग्लंडात धुण्याच्या पावडरीत एन्झाइम मिसळणाऱ्या कामगारांना दमा झाल्याचं लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. तेव्हापासून एन्झाइमचे दाणे करून वर लेप देऊ लागले. अमायलेजनं तर बेकरीतल्या माणसांनाही धाप लागते. ते विष नव्हे. पण शरीर एकदा बिथरलं, की पुढं नखाएवढी धूळही पुरते. आणि तुला लहानपणापासून दमा.

म्हणून सांडलेलं झाडूनं लोटायचं नाही. हवेच्या पाइपनं फुंकायचं तर मुळीच नाही. व्हॅक्यूम वापरायचा, तोही बारीक गाळणीचा. मास्क चेहऱ्याच्या मापाचा हवा, कडेनं हवा शिरली तर तो असून नसल्यासारखा. लिक्विडच्या खात्यात गेलीस तरी निर्धास्त राहू नकोस, जोराच्या पाण्यानं टाकी धुतली की तुषार उडतात. कामाचे कपडे खोलीवर आणायचे नाहीत.

शिकलेल्या पोरीला मी हे काय पढवतोय! रागावू नकोस. तुला तिथं हे सगळं शिकवलंच असेल.

तुझी आज्जी निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. तोंडाला पदर बांधायची, तेवढंच. संध्याकाळी घरी आली की आधी खोकायची, मग चहा प्यायची. आमच्या लहानपणी वाटायचं, म्हातारी माणसं खोकतातच. ती तेव्हा म्हातारी नव्हती, मनीषा. पुढं कॉलनीत राहायला आलो, तर गळीत हंगामात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, भुकटी उडायची आणि तुझी छाती वाजायची. आई तुला उभी धरून रात्र काढायची, आणि आज्जी उशाशी बसून म्हणायची, हिला तरी धुळीपासून लांब ठेव रे. तिच्या शब्दाला जागायचं म्हणून मी तुला शिकवलं, असं म्हणालो तर खोटं नाही. तू हुशारच होतीस. बेळगावला कॉलेजात नाव लागलं तेव्हा आज्जीनं शेजारणीच्या हातावर साखर ठेवली होती.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. आई म्हणते, मी असंच म्हणतोय. तुमच्या साहेबांना तुझा दमा माहीत आहे का? नसेल तर आधी सांग, लाजू नकोस. त्या खात्यात कायमचं बसवण्याआधी नळीत फुंकून छातीची तपासणी करून घे आणि आकडा लिहून ठेव. पुढं दर थोड्या महिन्यांनी तीच तपासणी. सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर गेल्यावर छाती आवळते असं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

थोरल्याचा राग अजून तसाच आहे, त्याचं नंतर लिहीन. आत्याकडचं बोलणं पुढं सरकलंय. पंप पिशवीत असतो ना? जुना संपला असेल तर नवा घे, पैसे मी पाठवतो. आणि तपासणीचं या रविवारच्या आत कळव.

तुझे
आप्पा