अ‍ॅमीटरचा काटा जागेवर आणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री यवतेश्वरच्या घाटात दिवे मंद झाले, डॅशबोर्डमागून रबर जळल्याचा वास आला आणि अ‍ॅमीटरचा काटा – बॅटरीत करंट जातोय की बाहेर पडतोय ते दाखवणारा – थडथडू लागला. शेजारी आई होती. बाबांच्या माघारी त्यांची जुनी जीप मी पुन्हा चालती केली, पण दिवे लावले की काटा ‘चार्ज’च्या बाजूला जाऊन बसायचा. दोन गॅरेजवाल्यांनी बॅटरीच करंट ओढतेय म्हणून दोनदा बॅटरी बदलली. मग सल्ला मिळाला, हा काटाच काढून टाका. बाबा ज्याच्याकडे बघितल्याशिवाय गिअर टाकत नसत, तो काटा!

तुम्ही आधी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवलीत, मग डॅशमागे हात घातलात. अ‍ॅमीटरच्या पाठचा नट ढिला, वायरच्या टोकाचा धातूचा लग काळानिळा. “पोरा, स्टार्टर सोडला तर बॅटरीत जाणारा-येणारा सगळा करंट ह्या दोन बोल्टांतनं जातोय. हितं ढिलं झालं की तापणारच.”

खरी खोट पुढं सापडली. वीज तयार करणारा जुना डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवताना कुणीतरी हॅलोजनची वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. अल्टरनेटरचा तेवढा करंट अ‍ॅमीटरमधून बॅटरीकडे जायचा आणि तिथून दिव्यांना. काट्याला ते चार्जिंगच दिसणार! तो खोटं बोलत नव्हता, आम्हालाच वाचता येत नव्हता.

तुम्ही दिव्यांना रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज घातलात, वायर अल्टरनेटरच्या बाजूनं घेतलीत, नवे लग दाबून बसवलेत. शेवटी व्होल्ट मोजायचा मीटर माझ्याच हातात दिलात: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४. मला समजेपर्यंत तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलंत. हे मी विसरणार नाही.

आता स्टार्टर मारला की काटा उजवीकडे, ‘चार्ज’च्या बाजूला उडी घेतो आणि हळूहळू मधल्या रेघेशी येऊन थांबतो. दिवे लावले तरी हलत नाही. परवा आईनं घाटात तो वाकून बघितला आणि म्हणाली, “ह्यांच्या वेळी अस्साच असायचा.”

काळा पडलेला लग मी जपून ठेवलाय. रविवारी जीप घेऊन दुकानापाशी येतो. आईनं तुमच्यासाठी डबा द्यायचं ठरवलंय.

तुमचा,
जीपवाला