‘मवाळ’ म्हणजे कमी धार्मिक नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुस्लिम समाजाविषयी लिहिताना ‘मवाळ मुसलमान’ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो आणि जो धर्म जरा कमी पाळतो तो मवाळ, असा अर्थ त्यात नकळत शिरलेला असतो. इंडोनेशियाकडे पाहिले की ही समजूत टिकत नाही. तेथील मवाळ म्हणून ओळखली जाणारी ‘नहदलातुल उलेमा’ ही मौलवींची संघटना 1926 मध्ये जावा बेटावरील सुराबाया येथे स्थापन केली ती निवासी मदरसे चालवणाऱ्या, शाफई ही सुन्नी धर्मविधीची परंपरा काटेकोरपणे पाळणाऱ्या मौलवींनी. हिजाझ, म्हणजे मक्का-मदिनेचा प्रदेश, सौदी राजवटीकडे गेल्यावर तेथे धर्मविधीच्या जुन्या (फिकही) परंपरांना आणि कबरींच्या जियारतीला, म्हणजे दर्शनाला, धक्का लागू नये, ही त्यांची तेव्हाची तळमळ होती. याच संघटनेने 2015 च्या जोंबांग अधिवेशनात ‘इस्लाम नुसंतारा’, म्हणजे आपल्या द्वीपसमूहातला इस्लाम, हा विषय घेतला. जावातल्याच कुदुसच्या मशिदीचा लाल विटांचा मिनार थेट तिथल्या जुन्या हिंदू देवळांच्या वळणाचा आहे. शिवाय हिंदू शेजाऱ्यांचा मान राखून तिथले संत सुनन कुदुस यांनी गाय कापू नका असे सांगितल्याची आख्यायिका असल्याने त्या गावात म्हशीचे मांस शिजते.

आम्हा नागपूरकरांना यात नवल वाटू नये. कामठीत 1861 मध्ये जन्मलेल्या सूफी संत ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सन्मानाने शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले ते रघुजीराजे भोसल्यांनी. मागच्या उरुसाला ताजाबादच्या, म्हणजे बाबांच्या दर्ग्याच्या, रांगेत माझ्यापुढे उमरेडकडच्या एक आजी होत्या. त्यांनी डोक्यावर पदर सारखा केला, फुलांची टोपली पुढे सरकवली आणि “बाबा, नातवाले नोकरी लागू दे,” असे मोठ्यानेच म्हटले. शेजारी एक दाढीधारी तरुण डोळे मिटून फातिहा पढत होता. त्याने त्यांना जागा करून दिली आणि पढणे तसेच चालू ठेवले. त्याची नमाज कुणापेक्षा कमी आहे, असे मला तरी वाटले नाही. (संदलच्या मिरवणुकीतला डीजेचा धिंगाणा मात्र मलाही खपत नाही, पण ते दुखणे गणपतीतही आहेच.)

उरुसाच्या दिवसांत वृत्तपत्रांत बहुधा उमरेड रोडवरची वाहतूक कुठून वळवली, एवढेच छापून येते. पुढच्या वर्षी त्या बातमीशेजारी, या दर्ग्यावर कोण येते, काय मागते आणि तेथील मौलवी त्याकडे कसे पाहतात, यावरही अर्धे पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, महाल, नागपूर