बसण्याविषयी

ता. देवळी, जि. वर्धा

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इथं सगळे म्हणतात, बसल्याशिवाय बातमी मिळत नाही. तुम्ही काय करायचे?" तेव्हा तुझी आई शेजारीच तुरीची डाळ पाखडत होती, म्हणून मी ‘मग बोलू’ म्हणून फोन ठेवला. सत्तावीस वर्षं बातम्या हाताने लिहून एस.टी.च्या पाकिटातून पाठवल्या, हेही लिहूनच सांगतो.

तुझे सिनिअर खोटं बोलत नाहीत. दिवसा ‘वरून आदेश नाही’ म्हणणारा साहेब दुसऱ्या पेगला फाइलचा नंबर सांगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण अरे, त्याच टेबलावर तूही दुसऱ्या पेगला असशील, तर तो नंबर लक्षात कोण ठेवणार? मी बसायचो, पण पुढ्यात लिंबू-सोडा. आग्रह व्हायचाच, "घ्या जी पत्रकारसाहेब, तुमच्यासाठीच तर आणली." मग मी गजानन महाराजांची माळ घातलीय म्हणून सांगायचो. माळ नव्हती. शेगावला जाऊन त्याची माफी मागून आलोय. चखन्यातले शेंगदाणे मात्र सोडले नाहीत.

आणि रात्री ऐकलेलं तसंच्या तसं कधी छापायला दिलं नाही. सकाळी त्याच माणसाच्या दारात जायचं. "काल असं म्हणाले होते तुम्ही, लिहू का?" निम्मे हात जोडतात. उरलेल्यांतला एखादा आत जाऊन कागद घेऊन येतो. बातमी त्या कागदात असते.

तुझ्या नागपुरात चौकाचौकात बार. आपल्या जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी, सेवाग्रामचा जिल्हा म्हणून. मग इथल्या पिणाऱ्या वार्ताहराला बाटली देतो कोण? तोच, ज्याच्यावर धाड पडली की ठाण्यातून आपल्याला प्रेसनोट येते, मोहा सडवा नष्ट, इतके ड्रम, इतक्या हजारांचा माल. माझ्या एका जोडीदाराकडे पव्वा घरपोच यायचा. त्याच्या बातमीत ड्रम असायचे, रक्कम असायची, पण दारूवाला कायम ‘एक इसम’. वीस वर्षं त्या इसमाला नाव मिळालं नाही.

गडचिरोलीत 1993 पासून बंदी. चंद्रपुरात 2015 ला झाली, 2021 ला उठली. ती बंदी व्हावी म्हणून 2010 च्या डिसेंबरात बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या होत्या. बंदीने काय साधलं यावर तू माझ्याशी भांडू शकतोस, मलाही सगळं पटत नाही. पण नवऱ्याच्या दारूने गांजलेली बाई ओट्यावर बसून बोलू लागते, तेव्हा वही उघडणाऱ्याच्या तोंडाला वास आला की ती पदर सावरून आत निघून जाते. तिला ओळखपत्र लागत नाही, नाक पुरतं.

सुट्टीच्या दिवशी, आपल्या पगारातून घेतलीस तर मी विचारणार नाही. गाडीला मात्र हात लावू नको. शंभर मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, हे तूच छापत असशील. ब्लॅक कॉफीने किंवा थंड पाण्याने उतरत नाही, लिव्हर आपल्याच चालीने चालतं. आणि क्राइम बीटवर ड्युटी संपली असं कधी म्हणायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता जे फोनवर बोललो नाही ते.

तू तिसरीत होतास. कापसाचा हंगाम होता. एका व्यापाऱ्याने आम्हा पत्रकारांना पुलगावचा पूल ओलांडून पलीकडे जेवायला बोलावलं. पलीकडे अमरावती जिल्हा, तिथं बंदी नाही. दुसऱ्यांची असली की आपण जिला ‘ओली पार्टी’ लिहितो, ती. त्या दिवशी माळ आठवली नाही. दोन पेग घेतले, दोनच. साडेनऊला परत आलो तर शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने औषध घेतल्याचा निरोप. मी एसटीडी बूथवरून डेस्कला बातमी सांगितली. ते दोघे भाऊ, दोघांनाही मी ओळखत होतो. गेला थोरला, मी नाव दिलं धाकट्याचं. जीभ अडखळली नाही, डोकं गरगरलं नाही. उलट आज बातमी फार झकास सांगितली, असंच वाटत होतं.

पहाटे पाचला गठ्ठा उतरला. एजंटही मीच. सुतळी कापली, सवयीने आधी आपली बातमी शोधली आणि स्टँडच्या फरशीवरच बसलो. त्या गावाचे अकरा अंक सायकलवरून काढून ठेवले. पण बाकीचे गठ्ठे दुसऱ्या गाड्यांनी केव्हाच निघून गेले होते. हिंगणघाटला त्यांची बहीण दिलेली. ती पोचली तेव्हा धाकटा थोरल्याच्या तिरडीचा दोर आवळत होता. त्याला पाहून ती किंचाळली. रडायचं कोणासाठी, हे तिला मग कळलं. मी तिथंच उभा होतो. मला कोणी शिवी दिली नाही. धाकटा एवढंच म्हणाला, "काहून जी, मले काहून मारलं?"

दोन दिवसांनी तीन ओळींचा खुलासा छापून आला.

त्या जेवणाला गेलो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात चार काटापट्ट्या, कापूस मोजल्याच्या चिठ्ठ्या, होत्या. त्याच व्यापाऱ्याच्या. तो काट्यात कसा मारतो ते सांगायला चार शेतकरी सकाळीच येऊन देऊन गेले होते. व्यापारी त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मटण कसं झालं, एवढंच विचारलं. उद्या लिहू म्हटलं. मग तेरवी झाल्यावर लिहू म्हटलं. मग हंगाम संपला. शर्ट धुताना तुझ्या आईला त्या पट्ट्या सापडल्या. "हे कायचं आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, जुन्या आहेत. चुकलेल्या नावाचा निदान खुलासा तरी निघाला.

डाळ आठवड्याभरात पाठवतो. खुलाशाचं कात्रण याच पाकिटात आहे. पिवळं पडलंय, घडीवर फाटतं, जपून उघड. एकच आहे, दिवाळीला येशील तेव्हा परत आण. पट्ट्या पाठवत नाही. त्या तुझ्या आईने तिच्या डब्यात ठेवल्यात, आणि मी अजून मागितलेल्या नाहीत.

तुझा,
बाबा