आईला पत्र, श्टुटगार्टहून

श्टुटगार्ट
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,

सप्रेम सलाम. पप्पांना सलाम सांग. छोटीला काही सांगू नकोस, तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी आत आहे.

प्रभुकृपेने आम्ही चौघं खुशाल आहोत. इथले एक पुण्याचे गृहस्थ गुरुवारी निघतायत, पत्र त्यांच्याकडे देतेय, ते पुढे कुरिअर करतील. फोन का नाही केला म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर, शेजारी आत्या, आणि आत्या म्हणजे अख्खं नगर. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

आधी तुझ्या काळज्या. बाबू वाळलेला नाही. दिवसभर पळतो म्हणून तसा दिसतो. तेल लावते, पण रोज नाही. रोज अंघोळ घातली तर इथल्या हवेत कातडी कोरडी पडते, आणि हे मी आळसाने म्हणत नाहीये. थंडीत बाहेर नेते, सगळ्याच नेतात. मी थकलेली दिसते कारण आमच्या स्वयंपाकघरातला दिवा वाईट आहे.

मोनीने बालवाडीत असताना केलेला कंदील यंदा बाबूने मिरवला. ११ तारखेला संध्याकाळी सगळी चिल्लीपिल्ली कंदील घेऊन गाणी म्हणत निघतात. पुढे घोड्यावर संत मार्टिन, भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा. फोटो बघून तू लिहिलंस, ‘आपण संत मानत नाही.’ मानत नाहीच. पण अगं, आपल्या प्रोटेस्टंटांच्या लूथरसाहेबांचा बाप्तिस्मा १४८३ साली याच दिवशी झाला, म्हणून तर त्यांचं नाव मार्टिन ठेवलं. हे पाळकसाहेबांनाही सांग, त्यांना आवडेल.

आता पप्पांना न पटलेला मुद्दा, इथला चर्चचा कर. नीट लिहिते, म्हणजे कमिटीत कुणी विचारलं तर सांगता येईल. इथे राहायला आलं की नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. सुहासने सरळ मनाने प्रोटेस्टंट लिहिलं आणि पुढच्या पगारात चर्चचा कर कापून आला! आम्हाला वाटलं काहीतरी घोळ झाला. घोळ नव्हता. सरकारच कापतं आणि चर्चला देतं. पगाराच्या नव्हे, आयकराच्या ८ टक्के. म्हणजे ५०० युरो आयकर बसला तर चर्चचे ४०. आमच्या राज्यात आणि बव्हेरियात ८, बाकी जर्मनीत ९. मुलं असली की हिशेब आणखी कमी होतो. कॅथलिकांचंही तसंच. ज्याला द्यायचा नसेल त्याने सरकारी कचेरीत जायचं आणि फी भरून ‘मी चर्च सोडतो’ असं लिहून द्यायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दिलंय. तरी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी त्या आमच्या पुढच्या बाकावर असतात, आणि कुणी काही बोलत नाही. पाळकांचे पगार, चर्चच्या बालवाड्या, सगळ्याला या पैशांचा हातभार लागतो. एवढं होऊन उपासनेनंतर दारात दानपेटी असतेच. वर्गणीसाठी घरोघर फोन करणारे पप्पा इथे खजिनदार असते तर रविवारी दुपारी झोपले असते.

दशांशाचं विचारलंस. हा दशांश नव्हे, तो दहावा हिस्सा मी वेगळा काढते. नगरला येतात ते पैसे त्यातलेच. मी सध्या घरी असल्यामुळे रक्कम कमी आहे, हे तू बोलली नाहीस, पण तुला वाटलं असेल म्हणून लिहिलं.

उपासनेला जातो. दर रविवारी नाही, पण जातो. लहान मूल घेऊन जाणारे बहुतेक वेळा आम्हीच. आपल्याकडे पोर रडलं की बाकावरून हातोहात पार मागच्या मावशीपर्यंत पोचतं आणि आई मोकळी. इथे सगळे इतके गप्प बसतात की बाबूने नुसता श्वास घेतला तरी मला घाम फुटतो. गेल्या महिन्यात त्याने पुस्तकं खाली टाकायला सुरुवात केली आणि मी उठायला निघाले, तेवढ्यात पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी मागे न बघता आपला किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. अख्खा संदेश आम्ही किल्ल्यांच्या खुळखुळाटात ऐकला. पाळकबाईंनी एकदाही थांबून पाहिलं नाही. मी त्या दिवशी घरी येऊन रडले. वाईट वाटून नाही गं, उगाच.

रात्रीची प्रार्थना चुकत नाही. मोनी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ मराठीत सुरू करते, मध्येच जर्मनवर जाते, मी अडवत नाही. एखाद्या रात्री मीच तिच्याआधी झोपते, मग ती आमेन म्हणून दिवा घालवते. तू चौघांना वाढवून पहाटे चारला गुडघ्यावर असायचीस. ते मला जमत नाही. स्वयंपाक करता करता मागते. प्रभू ऐकतो.

आता मुख्य. मोनीच्या शाळेची सुट्टी २२ डिसेंबर ते ५ जानेवारी, ६ चा सण, ७ ला शाळा. छोटीचं लग्न १० ला. अर्ज केला होता, नकार आला. सुट्टीला जोडून रजा देत नाहीत, आणि न विचारता नेलं तर दंड. सुहासलाही तेव्हा रजा नाही. मी एकटी बाबूला घेऊन आले असते. पण दोन तिकिटं आणि हॉलचे पैसे दोन्ही आत्ता जमत नाहीत, आणि हॉल पप्पांनी कर्जाने घ्यावा हे मला नको. म्हणून हॉलचं मी बघते. दीड लाख परवा टाकले. पप्पांना सांग मुलीकडून घेतले नाहीत, मोठ्या बहिणीने धाकटीला दिलेत, त्यात बोलायचा त्यांना हक्क नाही.

तारीख बदलू नका. पाळकांनी मंडळीत नावं पुकारायला घेतलीत, जालन्याच्या पाहुण्यांना पुन्हा कशाला दुखवायचं. मोनीचा फ्लॉवर गर्लचा फ्रॉक शिंप्याकडे टाकला असशील तर राहू दे, आत्याच्या नातीला घाल, माप तेच असेल. हळदीला छोटीजवळ तू बस. करवली कुठे म्हणून बायका विचारतील, तेव्हा शाळेचं सांग, पैशाचं नको. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं येतो, मोठी सुट्टी असते, नक्की.

छोटीला चिठ्ठी हळदीच्या आदल्या दिवशी दे. आधी नको, ती फोन करेल.

तुझी,
बेबी

ता. क. पैसे तुझ्या खात्यावर टाकलेत, पप्पांच्या नाही. मागच्या वेळी बँकेत अडकले होते, म्हणून हे पत्र मिळेपर्यंत आले नाहीत तर छोटीला पासबुक भरून आणायला पाठव आणि मला मिस कॉल दे.