रोज दहा दिवस ओलांडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही लेकीकडे नाशिकला गेलात हे वाचनालयातल्या शिपायाकडून कळलं. नंबर त्याच्याकडेही नाही, म्हणून हे असं जाहीर पत्र. येसूबाईंवरची कादंबरी आता छापायला जातेय.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोललात ते वैतागून. मी फोनवर कुणाला तरी येसूबाईंच्या एकादशीचा प्रसंग वाचून दाखवत होते. समोरून आवाज आला, "अगं, १६८९ साली रायगडावर साबुदाण्याची खिचडी? आणि वर बटाटा?" लाजेनं मान खाली गेली. मग तुम्हीच वही ओढून घेतलीत, दोन्ही शब्दांवर पेन्सिलीनं काट मारलीत आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंत, 'वरीचा भात'. त्यानंतरचे जवळजवळ दोन वर्षांचे शनिवार तुमचे झाले.

तारखांचा घोळ आठवतोय? माझ्या मसुद्यात संभाजीराजांच्या हत्येची बातमी हत्येच्या आधीच रायगडावर पोचली होती! एका पुस्तकात ११ मार्च, दुसऱ्यात २१ मार्च, आणि मी दोन्ही बिनदिक्कत वापरलेले. तुम्ही विचारलंत, राहतेस कुठं? म्हटलं, वसईला, नोकरी फोर्टात. तुम्ही इतके हसलात की शेजारच्यांनी माना वळवल्या. म्हणालात, "म्हणजे तू रोज दहा दिवस ओलांडून येतेस की!" वसईपासून वांद्र्यापर्यंत पोर्तुगीज, त्यांचं कॅलेंडर ग्रेगोरियन. मुंबईत इंग्रज, त्यांनी १७५२ पर्यंत जुनं ज्युलियनच धरून ठेवलेलं. माहीमच्या खाडीच्या अलीकडे-पलीकडे एकाच दिवसाच्या दोन तारखा. "तू तिथी धर, तारखा आपोआप वठणीवर येतील." फाल्गुन अमावास्या धरली आणि सगळं जागेवर बसलं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, हेही तेव्हाच नीट डोक्यात शिरलं. अजूनही माहीमच्या खाडीवरून लोकल जाताना मी मनातल्या मनात दहा मोजते.

मोडीसुद्धा तुमचीच. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगत जायची, हात न उचलता, शब्दांत जागा न सोडता. तुमचं मनगट कागदावरून सरकताना बघत बसावंसं वाटायचं. (मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पत्रास नाही, हे कळल्यावर मला झालेला आनंद शाळेतल्या बाईंना कळवायला हवा होता.) संभाजीराजांनी येसूबाईंना दिलेला 'श्री सखी राज्ञी जयति' हा शिक्का मी आधी नुसता मिरवला होता, थरथरत्या हातात वगैरे. तुम्ही म्हणालात, शिक्का दागिना नव्हे, काम करताना दाखव. मग तो प्रसंग पाच वेळा लिहिला. आता त्यात बाई कारकुनाला एक ओळ पुन्हा वाचायला लावतात आणि मगच शिक्का उठतो.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. माझी कादंबरी नोव्हेंबर १६८९ मध्ये, रायगड पडला तिथेच संपत होती. वेढा पडलेला, राजाराम महाराजांना गडाबाहेर काढलेलं, आणि स्वतः बाई सात वर्षांच्या शाहूराजांना घेऊन मागे. शेवट झकास वाटत होता. एका प्रकाशकांनाही तोच हवा होता, फक्त 'अजून थोडं रडवा' एवढीच त्यांची सूचना. तुम्ही शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजू बघितलीत आणि विचारलंत, "आणि पुढची तीस वर्षं?" मी म्हटलं, त्या कैदेचे कागद फारसे नाहीत. "कागद नाहीत म्हणून बाईंचे दिवस उगवले नाहीत का?"

रागच आला होता तुमचा. दोन शनिवार आलेच नाही. पण ते डोक्यातून जाईना. बादशहाची छावणी दख्खनभर हिंडतेय, भीमेकाठी ब्रह्मपुरीला तर वर्षानुवर्षं तळ, आणि त्या गर्दीत ही बाई पोराला वाढवतेय. १७०७ मध्ये औरंगजेब गेला, पंचविशीचे शाहूराजे सुटले, आई मात्र ओलीस. ती परत आली १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथांबरोबर, दिल्लीहून. तोवर लेक सदतिशीचा. गडाची शंभर पानं आता साठावर आणलीत, उरलेलं सगळं पुस्तक छावणीचं आणि दिल्लीचं आहे. ते प्रकाशक गेले, दुसरे मिळाले.

साताऱ्याला मायलेक भेटतात त्या प्रसंगात मी दोघांच्या तोंडी एकही वाक्य घातलेलं नाही. बाई फक्त त्याच्याकडे बघतात, आणि त्यांना ओळखायला जरा वेळ लागतो. जमलंय की पळ काढलाय, हे तुम्ही वाचून सांगा.

आणि हो, तुमचा बोरू माझ्याकडेच राहिलाय. टोक बोथट झालंय. तासताना चाकू कुठल्या बाजूनं धरायचा ते तेवढं कळवा, मी एक आधीच मोडून बसलेय.

तुमची,
शनिवारची वसईवाली