किर्लोस्करवाडीच्या काकांना, रेडिंगहून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि कारखान्याची ऊसतोड कुठवर आली ते सांगत बसता. म्हणून लिहून पाठवतोय, आणि मुद्दाम चारचौघांत. इंग्लंडमध्ये आपल्या बऱ्याच जणांनी घर मागच्या बाजूने वाढवून घेतलंय आणि वाढवताना फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकल्यात. त्यांतल्या कुणाची फरशी ऐन जानेवारीत गार पडली, तर तुम्ही आमच्याकडे काय केलंत ते वाचून उपयोग होईल.

आमच्याकडे वरचे रेडिएटर तापत होते, नळाला गरम पाणी येत होतं, फक्त खालची फरशी गार. आई दोन जोड मोजे घालून पोळ्या लाटत होती. एका कंपनीचा माणूस येऊन जिन्याखालच्या कपाटात डोकावून गेला. मॅनिफोल्ड (फरशीखालच्या प्रत्येक नळीत गरम पाणी वाटून देणारा तोट्यांचा संच), पंप, मिक्सिंग व्हॉल्व्ह (बॉयलरच्या कढत पाण्यात परतीचं गार पाणी मिसळणारा), वायरिंगचा डबा, सगळंच बदलावं लागेल म्हणाला आणि चार आकडी पौंड सांगितले. नेमकं काय बिघडलंय असं विचारलं, तर ‘जुनं झालंय’ एवढंच उत्तर. तेव्हा तुमचा मुलगा म्हणाला, बाबांना घेऊन येतो, त्यांना नाहीतरी इथे करमत नाहीये.

तुम्ही आलात, कपाटासमोर पाट मागवून बसलात आणि म्हणालात, “हे तर खेळण्यातलं पंप आहे की रे.” कृष्णाकाठच्या उसाला पाणी पाजणारे पंप टेस्टिंगला लावण्यात ज्याचं नोकरीचं आयुष्य गेलं, त्याच्यापुढे हा ५० वॉटही न खाणारा, दोन तळहातांत मावणारा पंप. फरशीखालची हीटिंग तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतात, आणि तसं आधीच सांगूनही टाकलंत. बाथच्या रोमन स्नानगृहात फरशीखालचे विटांचे खांब तेवढे पाहिले होते म्हणालात, पण तिथे गरम हवा खेळवायचे, पंपाची भानगड नव्हती.

हत्याराला मात्र बराच वेळ हात लावला नाहीत. अचानक बंद पडलं की हळूहळू? एक खोली गार की सगळ्या? उन्हाळ्यात कधी चालवलं होतं का? मग थर्मोस्टॅट वाढवायला लावलात. काही मिनिटांत मॅनिफोल्डवरच्या अ‍ॅक्च्युएटरची (नळ्या उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या टोप्यांची) बटणं वर आली, वायरिंगच्या डब्यावरचा पंपाचा दिवा लागला. म्हणजे हुकूम पोचत होता. मग नळ्यांना हात लावून पाहिलात. बॉयलरकडून येणारी नळी मिक्सिंग व्हॉल्व्हपर्यंत चटका देत होती, पुढे गार. प्रत्येक नळीतला प्रवाह दाखवणाऱ्या फ्लो मीटरच्या काचेतल्या सगळ्या खुणा शून्यावर. “एखाद्या नळीत हवा धरेल. सगळ्यांत एकदम नाही धरत. पाणी ढकलणाराच बसलाय.”

आणि मग ते स्क्रूड्रायव्हरचं. टोक पंपावर, मूठ कानाला. मलाही ऐकवलंत. आत बारीक घूं असा आवाज, बाकी काही नाही. “करंट आहे, फिरत नाही. आपल्याकडचा शेतकरी फोन करून हेच सांगतो, मोटर घूं करती, पाणी उचलत नाही.” शेतावरची मोटर अशी जाम झाली की वाइंडिंग जळायची भीती. इथे आतलं इलेक्ट्रॉनिक्स थोडा वेळ धडपडून स्वतःच थांबतं आणि लाल दिवा मिचकावतं. तो दिवा कंपनीच्या माणसानेही पाहिला असणार.

भिंतीवरचा स्विच बंद करून, त्यातला फ्यूज काढून खिशात टाकलात, टेस्टरने खात्री केलीत, पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केलेत, खाली परात ठेवायला लावलीत, आणि चार अ‍ॅलन बोल्ट काढून पंपाचं डोकं अलगद बाहेर ओढलंत. रोटरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, काळा लगदा बसला होता, ओल्या काजळासारखा. तुम्ही त्यातला थोडा कागदावर घेतलात आणि आमच्या फ्रिजवरचं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट कागदाखालून फिरवलंत. लगदा त्याच्यामागून सरकत गेला. माझा मुलगा अजून पाहुण्यांना तो खेळ करून दाखवतो.

तो मॅग्नेटाइट. वरचे पोलादी रेडिएटर आतून गंजतात, पण बंद पाण्यात ऑक्सिजन जेमतेम, म्हणून तांबडा गंज न होता काळा होतो, आणि तो चुंबकाला चिकटतो. युरोपात २०१३ पासून पंपांच्या वीजवापराचे नियम कडक झाले, तेव्हापासून अशा छोट्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक सर्रास आलं. वीज वाचते, पण पंपच गाळ स्वतःकडे ओढून घेतो. त्यात फरशीचा पंप उन्हाळाभर उभा. लगदा बसून घट्ट होतो आणि थंडीत रोटर हलत नाही. तुम्हाला मात्र गंजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक. “दांड्याभोवती गळती रोखणारी ग्लँड नाही, तिच्यात दोरी भरायची कटकट नाही, तेलपाणी नाही. त्याच पाण्यात रोटर बुडालेला आणि तेच पाणी त्याचं वंगण!” हे तुम्ही आईला दोनदा समजावून सांगितलंत. तिने दोन्ही वेळा चहा टाकला.

साफ करून बसवल्यावर पंप फिरला, पण किंचाळत. बेअरिंग गेलंय, आजची रात्र काढेल, नवा मागव म्हणालात. मी ताकदीचा म्हणून ८ मीटर हेडचा (हेड म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते माप) शोधायला लागलो, तर तुम्ही अडवलंत. जुन्यावर ६ मीटर लिहिलंय, ६ चाच घे, लांबी १३० मिलिमीटर तीच, बाणाची दिशा तीच. मोठा लावलास तर नळ्यांत आवाज तेवढा वाढेल. पंप आला दीडशे पौंडांच्या आत.

तो बसवल्याबरोबर चालू करायची मला घाई, आणि तुम्ही ऐकेनात. आधी नळ्या धुवायच्या. एकच वेटोळं उघडं ठेवायचं, बाकी बंद, होजपाइप स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचं. मग पुढचं वेटोळं. पहिल्याचं पाणी शाईइतकं काळं आलं. कडाक्याच्या थंडीत तुम्ही दारात उभे राहून बादलीत डोकावत होतात आणि मी आत व्हॉल्व्ह फिरवत होतो. कंटाळवाणं काम, पण खरी दुरुस्ती तीच होती असं मला वाटतं. नाहीतर नवा पंपही त्याच गाळात बसला असता.

बॉयलरच्या झाकणाला तुम्ही बोट लावलं नाहीत, मलाही लावू दिलं नाहीत. “गॅस आपलं काम नव्हे. इथे त्याला नोंदणी लागते.” मग गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला सर्व्हिसिंगला बोलावलं आणि त्याच्याकडूनच परतीच्या नळीवर मॅग्नेटिक फिल्टर बसवून घेतला, पाण्यात गंज रोखणारं रसायन, इनहिबिटरही घातला. तुम्ही पाकिटाच्या पाठीवर काढलेली मॅनिफोल्डची आकृती मी कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. ती पाहून तो म्हणाला, लिपी कळत नाही पण नळ्या बरोबर आहेत.

पंप सुरू झाला त्या संध्याकाळी आई दर दहा मिनिटांनी अनवाणी उभी राहून बघत होती. नळ्यांवर ६५ मिलिमीटरचा सिमेंट-वाळूचा थर आहे, तो तापेल तेव्हा फरशी तापेल, उद्या सकाळी बघा, असं तुम्ही तिला सांगितलंत. मिक्सिंग व्हॉल्व्ह ४५ अंशांवर ठेवून गेलात, तो तसाच आहे. फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपुढे जाऊ द्यायचा नाही हे मी नंतर वाचलं. तुम्ही पायाने ठरवलेलं त्याच्या आतच होतं. थंडी संपली की आठवड्यातून एकदा काही मिनिटं पंप फिरवायचा, तेही फोनवर लावून ठेवलंय. फिल्टर उघडला की आतल्या गाळाचा फोटो पाठवतो.

जुना रोटर तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घातलात, त्याबद्दल विमानतळावर काय सांगितलंत ते कळवा. काकूंनी दिलेला काळा मसाला पुरवून पुरवून वापरतोय. पुढच्या हिवाळ्यात याल तेव्हा वरच्या न्हाणीघरातला शॉवरचा पंप दाखवायचा आहे. हल्ली तोही आवाज करतो, पण तो फिरतो, मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पाट परत जागेवर ठेवलेला तुमचा पुतण्या