चित्रातल्या नौकांची नावेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शर्यतीच्या जुन्या नौकांचे सागरी चित्र ऐसपैस छापलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याखाली चित्रकाराचे नाव आले आणि नौकांची राहून गेली.

पुढची काळी नौका ‘ब्रिटानिया’. तिच्या मागची निळी, शिडावर नौकेच्या वर्गाचे ‘जे’ आणि खाली तिचा क्रमांक ‘के ४’ लिहिलेली, ती ‘एन्डेव्हर’. एवढ्यावरून काळसुद्धा ठरतो. एन्डेव्हर १९३४ मध्ये पाण्यात उतरली, ब्रिटानिया १९३५ च्या हंगामानंतर शर्यतीत उतरलीच नाही. म्हणजे प्रसंग या दोन उन्हाळ्यांतलाच.

ब्रिटानिया १८९३ साली ग्लासगोत ब्रिटनच्या युवराज एडवर्डसाठी बांधली गेली. पुढे ती त्याच्या मुलाकडे, राजा पंचम जॉर्जकडे आली. तिने २३१ शर्यती जिंकल्या. जानेवारी १९३६ मध्ये राजा वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे जुलैत तिचे सामानसुमान उतरवून तिला इंग्लंडच्या वाइट बेटाच्या दक्षिणेला खोल समुद्रात बुडवले. राजाची इच्छा खरी, तरी असे जहाज बुडवणे मला आजही पटत नाही.

चित्रात डेकवर पांढरे ठिपके दिसतात, ते खलाशी. अशा एका नौकेवर तीसेक माणसे लागत. त्यांतले बरेचसे इंग्लंडमधल्या एसेक्स किनाऱ्यावरच्या टोल्सबरी, ब्राइटलिंगसी अशा गावांतले मासेमार. हिवाळ्यात आपली मासेमारी, उन्हाळ्यात धनिकांची शिडे ओढायची. १९३४ मध्ये एन्डेव्हर ‘अमेरिकाज कप’ या नौकाशर्यतीच्या करंडकासाठी निघाली, तेव्हा तिच्या खलाशांनी पगार वाढवून मागितला. मालक टॉमस सॉपविथ यांनी नकार दिला आणि त्यांच्या जागी हौशी मंडळी घेतली. अमेरिकेतल्या न्यूपोर्टला पहिल्या दोन शर्यती एन्डेव्हरने जिंकल्या, पुढच्या चारही अमेरिकेच्या ‘रेनबो’ नौकेने. डावपेचही चुकले असतील, पण दर्यात मुरलेले हात किनाऱ्यावर सोडून गेल्याची किंमत मोजावी लागली, असे माझे ठाम मत आहे.

एन्डेव्हर आजही पाण्यावर आहे. एलिझाबेथ मायर यांनी १९८४ मध्ये तिचा गंजलेला सांगाडा विकत घेतला आणि १९८९ मध्ये तिच्यावर पुन्हा शिडे चढली.

पुढे असे चित्र छापाल तेव्हा नौकेचे नाव, साल आणि खलाशी कुठले होते याची एक ओळ जरूर द्या. आम्हा किनाऱ्यावरच्या वाचकांची नजर आधी तिथेच जाते.

आपला,
एक वाचक, मालवण